माइल्ड लॅक्टोजवाल्यांनो, शेंगा-भाकरी सोडू नका (माझे चौदा हजार गेले, तुमचे वाचवा)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली. "हे तर तुमचंच की," म्हणाली. सकाळच्या चहानंतर गुडगुड, बासुंदीच्या जेवणानंतर हमखास दोन फेऱ्या, डॉक्टर म्हणतात 'माइल्ड लॅक्टोज इनटॉलरन्स, दूध कमी करा' (म्हणजे दुधातली साखर नीट पचत नाही) आणि सासूबाई म्हणतात दुधानं कधी कुणाला काय झालंय. बदामाच्या दुधाचं खोकं रोज परवडत नाही, मग सोलापुरात दुसरं काय मिळेल, हा तुमचा एक प्रश्न. मैत्रिणीनं सुचवलेली दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून घ्यावी का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: करू नका.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. खाली जे आहे ते माझ्या पोटाचं आहे, तुमचं वेगळं असू शकतं. लॅक्टोज म्हणजे काय वगैरे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, ते सोडून देतो.

मला हे निघालं तेव्हा 'कमी करा' म्हणजे किती, हे कुणी सांगेना. अशात शहरातल्याच एका लॅबची जाहिरात दिसली. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, अशी दुकानं सगळीकडे आहेत. एकदाच रक्त द्या, तुम्हाला काय सोसत नाही ते सगळं कळेल. चौदा हजार रुपये. रिपोर्ट मात्र देखणा होता, लग्नाच्या अल्बमसारखा. लाल, पिवळं, हिरवं. लाल रंगात दूध, दही, गहू, ज्वारी, तूर आणि शेंगदाणा. हिरव्यात ब्रोकोली, अ‍ॅव्होकॅडो, किवी आणि सामन मासा. आमचं घर शाकाहारी. सामन मी आजवर पाहिलेलाही नाही, पण तो मला म्हणे उत्तम सोसतो!

तिथल्या आहारवाल्या बाईंनी फोन करून सांगितलं, लाल सगळं सहा महिने बंद. सोबत त्यांचीच एक पावडर. आणि मी, चाळिशी ओलांडलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढणारा माणूस, ते ऐकलं. सोलापुरात राहून ज्वारी आणि शेंगा बंद! संक्रांतीला आईनं शेंगांच्या पोळ्या केल्या, वर तुपाची धार, आणि मी ताटात दुधी आणि भात घेऊन बसलो. आई म्हणाली, "अख्खी पंचक्रोशी शेंगा खाऊन जगली, तुलाच काय रोग आला?" गड्ड्याच्या जत्रेला मुलांबरोबर गेलो, पाण्याची बाटली घेऊन परत आलो. पाच महिन्यांत सात किलो उतरलो. व्हिटॅमिन बी-१२ आधीच काठावर होतं, ते आणखी खाली. आणि गुडगुड थोडी होतच होती, कारण त्या पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरात 'व्हे' लिहिलेलं होतं. म्हणजे दुधाच्या निवळीचीच भुकटी. ते बायकोनं वाचलं, मी नाही. लॅबला फोन केला तर म्हणे रिपोर्ट बरोबरच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा करा, वीस टक्के सूट देऊ.

नंतर पोटाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं. ती तपासणी रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) असते. आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध ती तयार होतातच, तो बहुधा खाल्ल्याचा पुरावा असतो, त्रासाचा नाही. म्हणून सोलापूरकराची ज्वारी लाल आणि सामन हिरवा. अमेरिका आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी अशा कामासाठी वापरू नका असं केव्हाच सांगून ठेवलंय. शिवाय लॅक्टोज ही साखर आहे. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य आतड्यात कमी पडतं, एवढंच. त्यात प्रतिपिंडांचा संबंधच नाही. (दुधाची खरी ॲलर्जी हे वेगळंच प्रकरण. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप असलं काही असेल तर माझं पुढचं काही वाचू नका, डॉक्टर गाठा.)

लॅक्टोजची खरी तपासणी श्वासाची. मी त्यासाठी पुण्याला गेलो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, उपाशीपोटी, डब्यात चहावाला दर दहा मिनिटांनी नाकासमोरून जातोय. आदल्या दिवशी कडधान्यं, भाकरी बंद ठेवायला सांगितली होती. तिथं पाण्यात विरघळवलेलं २५ ग्रॅम लॅक्टोज प्यायला देतात आणि मग तीन तास थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं. न पचलेल्या साखरेवर आतड्यातले जंतू हायड्रोजन तयार करतात, तो श्वासात मोजतात. पण निदान झालेलंच आहे तर तुम्हाला याचीही गरज असेलच असं नाही. माझ्या मते घरची तपासणी पुरे: चार दिवस दूध बंद, कोरा चहा प्या. तरीही गुडगुडलं तर दोष बहुधा दुधाचा नाही, रिकाम्या पोटी चहा ढोसण्याचा असू शकतो.

आता 'कमी' म्हणजे किती. शंभर मिली दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज. पाव लिटरच्या पेल्यात बारा ग्रॅमच्या आसपास, आणि एवढं एका वेळी, विशेषतः जेवणासोबत, बऱ्याच जणांना फारसा त्रास न होता चालतं. कपभर चहातल्या दुधात अडीच-तीन ग्रॅम. मी कारखान्यात दिवसाला चार चहा पितो, काही होत नाही. कोजागरीचं आटवलेलं दूध मात्र गच्चीवरून थेट खाली पळवतं. आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज तिथंच राहतं. बासुंदी, खवा, पेढा, दुधाची पावडर हे सगळं त्याच जातीचं. आणि कुणी म्हशीचं सोडून गाईचं घ्या, ए-टू (देशी गाईचं म्हणून विकतात ते) घ्या म्हणालं तर हसून सोडून द्या. पंढरपुरी म्हैस असो की गीर गाय, लॅक्टोज जवळपास तेवढंच. पोटात जुलाबाची साथ येऊन गेल्यावर हे सुरू झालं असेल तर काही आठवड्यांत आपोआप बरंही होतं.

पर्यायांआधी, जे सोडायची गरजच नाही ते धरून ठेवा. तूप खुशाल खा. घरच्या दह्यातलं थोडं लॅक्टोज विरजणानं आधीच खाल्लेलं असतं आणि त्यातले जंतू उरलेलं पचवायला हात लावतात. आपल्याकडे मे महिन्यात चार-पाच तासांत लागतं, आणखी थोडं आंबू द्या. ताक तर पाणी घातलेलं, आणखी हलकं. पनीर, चक्का चालतो, कारण लॅक्टोज निवळीबरोबर निथळून जातं. पण आमच्याकडे ती निवळी 'पौष्टिक' म्हणून मला पेलाभर प्यायला देत होते. तेवढं टाळा.

दूधच हवं असेल तर अमूलचं लॅक्टोज-फ्री मिळतं. दूध तेच, लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली, म्हणून जरा गोड लागतं. आमचा दुकानदार सांगितल्यावर आणून देतो. लॅक्टेजच्या गोळ्याही औषधांच्या दुकानात सांगून मिळतात, लग्नाच्या पंगतीला पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. सोया-बदामाच्या खोक्यांवर 'दूध' लिहायला आता परवानगी नाही, 'पेय' शोधा. साखर किती आणि कॅल्शियम घातलंय का ते बघा. बदामाचं म्हणून जे विकतात त्यात बदाम किती टक्के तेही वाचा, मी वाचल्यापासून घेतलं नाही.

त्यापेक्षा शेंगदाण्याचं दूध करा. (शेंगदाण्याची ॲलर्जी नसेल तरच, हे सांगायला नको.) वाटीभर कच्चे दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात मिक्सरला गंधासारखं वाटायचं आणि पातळ मलमलीतून पिळायचं. टॉवेलमधून गाळून पाहिलंय, सगळं टॉवेलच पितो. मग मंद गॅसवर दहाएक मिनिटं ढवळत उकळा, कच्चा वास जाईपर्यंत. लगेच उतू येतं, बाजूला होऊ नका. चहा आधी कोरा उकळून गाळायचा आणि वरून हे गरम दूध ओतायचं, एकत्र उकळलं तर फुटल्यासारखं दिसतं. फ्रीजमध्ये ठेवून दिवसभरात संपवा. चोथा भाजीच्या रश्श्यात जातो. चव शेंगेचीच येते, माझ्या मुलीला अजिबात आवडत नाही.

फक्त हे कॅल्शियमसाठी दुधाची जागा घेत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तीळ तर हजाराच्या पुढे. चमचाभर तीळ कुटून भाकरीच्या पिठात घाला. शेवग्याचा पाला मिळाला तर सोडू नका. पण नाचणी-तीळ बी-१२ देत नाहीत. मांसाहार करत नसाल आणि दूध-दही सगळंच बंद करायचा विचार असेल तर बी-१२ आधी तपासून घ्या, त्या तपासणीचे पैसे वाया जात नाहीत.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या हातचं ताक प्या, विषय मिटतो. आणि सकाळचा चहा अख्ख्या दुधाचा असतो की अर्धं पाणी घालून, ते तेवढं लिहा, पोस्टमध्ये राहिलंय.