पणजीत नवी आहे, व्यायामाचा कुठला क्लास लावू?

प्रश्न : नोकरीसाठी साताऱ्याहून पणजीला आले. इथे रिफॉर्मर पिलाटीस (सरकत्या पाटाच्या यंत्रावरचा व्यायाम) आणि स्पिनिंग (जागच्या सायकलवरचा व्यायाम) यांचे छोटे स्टुडिओ आहेत, पण फी फार. वर्षाचं पॅकेज घेऊ का?

उत्तर : आत्ता मुळीच नको. आधी एकेका क्लासचे पैसे भरून दोन-तीन ठिकाणी जाऊन या. मी नदीपलीकडच्या पर्वरीची. संध्याकाळच्या गर्दीत मांडवी ओलांडून जायचं म्हटलं की चांगला क्लाससुद्धा सुटतो. घर-ऑफिसच्या वाटेवरचाच निवडा.

रिफॉर्मरच्या सरकत्या पाटाला स्प्रिंगा असतात. हलकी स्प्रिंग म्हणजे सोपं, असं नाही. प्लँक, म्हणजे हातापायांवर शरीर सरळ ताणून धरताना, ती हलकी केली की पाट आवरायला पोटाला जास्त कष्ट पडतात. म्हणून शिकवणारी जवळ येऊन स्प्रिंग बदलून देते का, जुनं दुखणं विचारते का, हे बघा. नुसती आकडे मोजत असेल तर परत जाऊ नका. स्पिनिंगला आधी सीट कमरेच्या हाडाइतकी उंच लावून घ्या, गुडघ्यांसाठी ते फार महत्त्वाचं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मिरामारच्या किनाऱ्यावर चालणं फुकट आहे. पिलाटीस दोनच दिवस ठेवा. वेळ मात्र ठरलेली असू द्या, तीच माणसं भेटतात आणि ओळखी होतात. नव्या गावात मला त्याचं मोल फार वाटतं.