भत्ता वाढवून घ्यावा की पगार?

प्रश्न : माझे मिस्टर कंटेनरवर ड्रायव्हर आहेत, न्हावा शेवा ते नागपूर लाईन. वय ३५. महिन्याला सरासरी २८ हजार हातात येतात पण त्यातले पगाराचे फक्त ८ हजार, बाकी सगळा ट्रिपचा भत्ता, तोही रोख. आता शेठ म्हणतोय भत्ता दोन हजारने वाढवतो, पगाराचं नाव काढू नको. घ्यायचा का? — एक वाचक, जत

उत्तर : ताई, दोन हजार सोडू नका, पण शेठ भत्ताच का वाढवतोय हे आधी बघा. या धंद्यात गेली कित्येक वर्षं हेच चाललंय, पगार जागेवर आणि भत्ता वर, कारण भत्त्यावर मालक पीएफ भरत नाहीत, ग्रॅच्युइटी धरत नाहीत, आणि गाडी पोर्टच्या लाईनीत दोन दिवस उभी राहिली तर त्या दोन दिवसांचं नुकसान ड्रायव्हरचं, मालकाचं नाही.

पूर्वी ड्रायव्हर लोक डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये, टोलच्या रोखीत, रस्त्यात बसवलेल्या सवारीत थोडं वर काढायचे. चांगलं की वाईट ते जाऊ द्या, पण पगार कमी ठेवायला मालकाला तेच निमित्त होतं. मग २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, गाडीला जीपीएस लागलं, वरची कमाई गेली. पगार मात्र तिथंच राहिला. वर क्लिनर काढून टाकला, म्हणजे ताडपत्री बांधण्यापासून टायर बदलण्यापर्यंत सगळं एकट्यानेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, तेवढं एक बरं झालं म्हणायचं, पण जुन्या गाडीवाल्याला त्याचा काय उपयोग!

खरा फटका अपघातात बसतो, वाईट वाटून घेऊ नका, सांगायलाच हवं. कामावर मृत्यू झाला तर भरपाई म्हणजे महिन्याच्या वेतनाचा अर्धा भाग गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला आकडा, ३५ वर्षांसाठी तो १९७.०६ आहे. नुसता पगार धरला तर ८ हजारांवर हे ७ लाख ८८ हजार होतात. कमाई २८ हजारांची आणि हिशोब आठवर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड म्हणजे कामगार कायदे लागू झालेत, त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची असं आहे. तुमच्या केसमध्ये भत्ता २० हजार, एकूण २८ हजारांचे निम्मे १४, म्हणजे ६ हजार वेतनात येऊन वेतन १४ हजार होतं, आणि तीच भरपाई १३ लाख ७९ हजारांवर जाते. शेठ म्हणेल तो तर जेवणखाणाचा खर्च आहे, म्हणू द्या, खर्चाचा भत्ताही या हिशोबात येतो. अडचण एवढीच की रोख भत्त्याचा कागद नसेल तर २० हजार होते हे सिद्ध कशानं करणार?

म्हणून मिस्टरांना सांगा, दोन हजार घ्या पण पगार न् भत्ता दोन्ही बँकेत मागा. शेठ नाहीच म्हणाला तर निदान प्रत्येक ट्रिपच्या बिल्टीचा (मालाच्या पावतीचा) फोटो काढून तुमच्या मोबाईलवर पाठवायचा आणि भत्ता मिळाला की आकडा शेठलाच व्हॉट्सॲपवर लिहून टाकायचा, "आज नागपूर ट्रिपचे इतके मिळाले". आणि ते ८ हजार किमान वेतनात तरी बसतात का ते कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या, मला तर बसतील असं वाटत नाही.