खाण त्यांच्याकडं, मग अडतंय कुठं?

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. चीननं रेअर अर्थ अडवलं की अमेरिकेची लढाऊ विमानं पण अडणार असं सारखं वाचतोय. त्यांच्याकडं तर स्वतःची खाण आहे, मग अडतंय कुठं? आणि आपलं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खाणीत अडत नाही हो, खाणीच्या पुढच्या कामात अडतंय. रेअर अर्थ म्हणजे सतरा मूलद्रव्यं, ती दगडात बहुतेक एकत्रच सापडतात आणि गुणधर्म इतके सारखे की वेगळी करायला ॲसिड, सॉल्व्हंट, टप्प्यावर टप्पे, वर घाण पाणी न् थोरियमचा किरणोत्सारी कचरा. चीननं हे किचकट काम वर्षानुवर्षं अंगावर घेतलं, बाकीच्यांनी सोडून दिलं. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण 2002 मध्ये बंद पडली, नंतर परत चालू झाली तरी तिथला माल बरीच वर्षं शुद्ध करायला चीनलाच जायचा!

2022 मध्ये अमेरिकेच्या एफ-35 लढाऊ विमानाच्या एका पंपातल्या रेअर अर्थ चुंबकाचा मिश्रधातू चीनचा निघाला आणि पेंटागॉनला डिलिव्हरी थांबवावी लागली, नंतर खास सवलत देऊन विमानं घेतली. म्हणजे सप्लायरच्या सप्लायरच्या सप्लायरकडं काय चाललंय ते तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मग एप्रिल 2025 मध्ये चीननं समेरियम, डिस्प्रोसियम धरून सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला. समेरियम-कोबाल्ट चुंबक गरम जागेत टिकतं म्हणून क्षेपणास्त्रात लागतं, त्याला सहज पर्याय नाही.

आपल्याकडं केरळ, ओडिशाच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे, आयआरईएल ही सरकारी कंपनी ते काढते, विशाखापट्टणमला समेरियम-कोबाल्ट चुंबकाचा छोटा प्लांट पण आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला 6,000 टनांचं टार्गेट. चांगलंच आहे, पण शुद्धीकरणाची माणसं तयार व्हायला वेळ लागतो, पैसे टाकले की लगेच होत नाही.

आणि तुमच्याच शॉपमध्ये बघा की. एसजी आयर्नला, म्हणजे सहज न तुटणाऱ्या ओतीव लोखंडाला, आपण जे फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम टाकतो त्यात मॅग्नेशियम असतं, बऱ्याचदा थोडं रेअर अर्थ पण, आणि जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये बनतं. 2021 मध्ये तिकडं विजेची टंचाई झाली न् भाव कुठल्या कुठं गेले. आपण हीट नंबर (वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचा नंबर), टेस्ट सर्टिफिकेट सगळं जपतो, पण त्या अलॉयमधलं मॅग्नेशियम मुळात कुठून आलं ते कितीजण विचारतात? डिफेन्सची ऑर्डर घ्यायची असेल तर पुढच्या लॉटपासून सप्लायरकडं ते लेखी मागा आणि हीट रेकॉर्डलाच जोडून ठेवा.