काचेच्या टाकीतला मागूर शेततळ्यात जाईपर्यंत

शेततळ्यासाठी मागूर या मिशीवाल्या माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आधीच आणून घरच्या फिश टँकमध्ये ठेवलेल्यांचे मेसेज बरेच साठलेत, त्यातल्या पाच जणांना आज उत्तरं देतो.

पाचोऱ्याहून एक दादा विचारतात, दोन फुटी टाकीत दहा पिल्लं आहेत, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा गिळतात, ऑक्सिजन कमी पडतोय का?

नाही भो, मागूर असाच जगतो. कल्ल्यांच्या जोडीला त्याला बाहेरची हवा घ्यायला वेगळा अवयव असतो आणि वर यायला मिळालं नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका, वर तीनचार बोटं जागा ठेवा आणि झाकणावर वजन ठेवा. वजन म्हणजे खरंच वजन. माझा एक गडी रात्रीतून झाकण सरकवून बाहेर पडला, सकाळी टीव्हीच्या टेबलामागे धुळीत लडबडलेला सापडला, मिश्यांना जाळं चिकटलेलं, मेला समजून उचलला तर हातात वळवळला! मगात धुतला, परत सोडला, संध्याकाळी जेवलाही.

पण पिल्लं सारखीच वर धावत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील किंवा मिश्या झडून आखूड झाल्या असतील तर पाणी बिघडलंय, माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया झालाय. निम्मं पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद. नवीन फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया जमायला चारसहा आठवडे लागतात, आणि लोक नेमका पहिल्याच आठवड्यात स्पंज नळाखाली चोळून धुतात. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. बदलायचं पाणी नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून, बोअरचं असेल तर रात्रभर एअरपंप लावून मगच टाका.

चोपड्याच्या ताई, रोज मूठभर खाणं टाकते, खायला काय आणि किती द्यायचं?

बुडणाऱ्या गोळ्या, अधूनमधून गांडूळ. उकडलेल्या अंड्याचा बलक अजिबात नको, पाणी सकाळपर्यंत नासतं. वजनाच्या तीन ते पाच टक्के खाणं पुरतं, म्हणजे पाच ग्रॅमची दहा पिल्लं असतील तर दिवसाला दीड ते अडीच ग्रॅम. तुम्ही मूठभर टाकताय. दिवे घालवल्यावर द्या, हा रात्रीचा प्राणी आहे, दिवसा पाईपच्या तुकड्यात दडून बसला म्हणजे आजारी नाही.

धुळ्याचे वाचक, बारा होते, नऊच राहिले, मेलेले कुठेच दिसत नाहीत.

पोटात गेले. नवांमधला सगळ्यात मोठा बघा, पोट टम्म असेल. सारख्या मापाचेच एकत्र ठेवायचे, दर आठवड्याला निवडायचे, जो पुढे पळाला तो वेगळ्या टबात. उचलताना कापडी जाळी वापरू नका, पंखाजवळचा काटा जाळीत अडकतो आणि ओढाताणीत मासा जखमी होतो, सरळ मगानं उचला. खवले नसल्यामुळे याची कातडी औषधाला फार लवकर भाजते, म्हणून दुकानदारानं दिलेली निळीहिरवी बाटली अंदाजानं ओतू नका. ओरखड्याला लिटरमागे एक ग्रॅम खडेमीठ बऱ्याचदा पुरतं. काटा तुमच्याच हातात घुसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, आणि सूज वाढली तर डॉक्टर.

भुसावळहून, मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ वर गेलं, बर्फ टाकू का?

बर्फ नको, एकदम गार झालं की माशाला धक्का बसतो. आपल्याकडे बाहेर ४५ असतं, घरात कितीक उतरणार! झाकणाला जाळी लावा, टेबल फॅनचा वारा पाण्यावर सोडा, दोनतीन डिग्री उतरतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा आणि खाणं अर्ध्यावर आणा, कारण पाणी तापलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

अमळनेरचे भाऊ, शेततळ्यात कधी सोडू? आणि दुकानदार म्हणतो थाई मागूर घ्या, लवकर वाढतो.

थाई मागूर म्हणजे आफ्रिकन मागूर, त्याच्या पालनाला देशात बंदी आहे, कारण तो नदीत सुटला की गावरान मासे खाऊन फस्त करतो, आणि आपली तळी भरली की शेवटी पाणी नाल्यानं तापीलाच जातं. बारीक असताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तोंडी भरवशावर घेऊ नका, सरकारी किंवा नोंदणी असलेल्या बीज केंद्रातूनच पावतीसकट घ्या.

सोडायचं म्हणाल तर चारपाच इंचाचे झाले की. त्याहून बारीक सोडले तर खंड्या आणि पाणकावळा तुमच्याआधी जेवतात, आणि फार दिवस टाकीत ठेवून घरचं लेकरू करण्यातही अर्थ नाही, टाकी म्हणजे मुक्कामाचं घर नव्हे. पहिले दोनतीन पाऊस होऊन पाणी निवलं की संध्याकाळी सोडा. बादली टाकीच्या पाण्यानं अर्धी भरा, तळ्याचं पाणी मगमग करत अर्ध्या तासात मिसळा, मग बादली आडवी करा, आपणहून जाऊ द्या. सांडव्याच्या पाईपला जाळी आधीच बांधा, पावसाळी रात्री हा ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या केळीत जातो. आणि प्लास्टिकच्या तळ्यात बिळं करायला माती नसते, तर टाकीत सवय झालेले तेच पाईपचे तुकडे दगड बांधून तळाला सोडा, पहिल्या रात्री त्यातच जाऊन बसतील.