कल्पित राज्यातली जातींची आणि कुळांची उतरंड खरी कशी वाटेल?

तुमच्या कादंबरीतल्या राज्यात पाच जाती आहेत, प्रत्येकीत अनेक कुळं आहेत आणि पायरी ओलांडणाऱ्याला राजा देहदंड देतो. तरी वाचणाऱ्यांना ते सगळं कागदी वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मला अडचण त्या देहदंडातच दिसते. सगळा धाक राजाचा असेल, तर राजा मेला की उतरंड ढासळायला हवी. प्रत्यक्षात ती ढासळत नाही, कारण तिची राखण घराघरांत, सोयरिकीच्या बोलण्यांत होत असते.

म्हणून आधी लग्नाचे नियम पक्के करा. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिलं होतं. कुळाचा नियम बहुतेक ठिकाणी उलटा असतो: एका कुळात सोयरीक होत नाही. हे दोन्ही नियम एकदम लावले की एखाद्या छोट्या जातीतल्या मुलीला स्थळं किती उरतात ते मोजून पाहा. कुळांमधले रुसवे, सौदे, जुनी वैरं तिथूनच निघतील.

कोरियातल्या जुन्या सिल्ला राज्याबद्दल तर वाचाच. तिथे माणसाचा दर्जा 'हाडा'वरून, म्हणजे तो कुठल्या वंशात जन्मला यावरून ठरे. त्यावर नुसतं पद नाही, तर घराची रुंदी, कपड्यांचा रंग, घोड्याचा साजसुद्धा ठरलेला असे. सर्वांत वर 'पवित्र हाड'. त्या दर्जाचा पुरुष उरला नाही तेव्हा ६३२ मध्ये सोनदोक राणी गादीवर आली. म्हणजे बाईचं राज्य चाललं, पण खालच्या हाडाचा पुरुष चालला नाही! ६५४ मध्ये त्या दर्जाची शेवटची राणी वारली, तेव्हा कुठे त्याखालच्या 'खऱ्या हाडा'ला गादी मिळाली. च्वे चिवोन हा त्याहून एक पायरी खालचा विद्वान. तो चीनमध्ये जाऊन ८७४ साली तिथली राजपरीक्षा उत्तीर्ण झाला, तिथे अधिकारी झाला. मायदेशी परतल्यावर मात्र त्याच्या दर्जाला नेमून दिलेल्या पदाच्या वर त्याला जाता येईना. शेवटी सगळं सोडून तो डोंगरातल्या मठात गेला. परक्या देशात मान आणि घरी अडवलेली वाट, असं एक पात्र तुमच्या कथेत असायलाच हवं.

मधल्या जाती बंड का करत नाहीत, हेही दाखवा. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला वरच्यांचा राग असतोच, पण चौथी पायरी आपल्या बरोबरीला येईल याची भीती त्याहून मोठी असते.

आणि एक कळकळीची विनंती. सर्वांत खालच्या जातीला नुसती दीनवाणी रंगवू नका. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या कागो लोकांना चर्चमध्ये वेगळ्या, छोट्या दारातून जावं लागे. त्यांचा धर्म तोच, भाषाही तीच, आणि ते खालचे का, हे कुणालाच धड सांगता येत नसे. तुमच्या कथेत अशा दारातून जाणाऱ्या माणसांनाच बोलू द्या. वरच्यांना ती आपसांत काय म्हणतात, कुणाची नक्कल करून हसतात, पोराला ते दार पहिल्यांदा दाखवताना काय सांगतात, हे आधी लिहा, राजवाडा नंतर.