वाचकांचे प्रश्न : काचपेटीतली बेडकी आणि तिची कातडी

प्रश्न : आम्ही लंडनच्या उपनगरात राहतो. माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी व्हाइट्स ट्री फ्रॉग जातीची बेडकी घरी आणली आणि रंगावरून तिचे नाव ‘भेंडी’ ठेवले. नोव्हेंबरपासून भेंडी हिरवी राहिलेली नाही. ती दिवसभर तपकिरी दिसते आणि पाण्याच्या वाडग्यात बसून असते. गेले बारा दिवस तिने काही खाल्लेले नाही, तरीही ती लठ्ठ आहे आणि तिच्या डोळ्यांवर कातडीच्या जाड घड्या उतरल्या आहेत. आम्ही तिला फिल्टरचेच पाणी देतो आणि दर रविवारी काचपेटी घरातल्या सुगंधी स्प्रेने स्वच्छ करतो. ती आजारी आहे का?
– एक वाचिका, लंडन

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला भेंडीचा रंग वाटत नाही, तर तिचे वाडग्यात बसून राहणे वाटते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ कातडीचा एक भाग असतो आणि तो ओल्या जागी टेकवून बेडूक पाणी शोषून घेतो. श्वासाचा काही वाटाही याच कातडीवाटे चालतो. म्हणून त्याच्या आजूबाजूच्या हवेत, पाण्यात आणि तुमच्या हातांवर जे काही असेल ते त्याच्या अंगात जाते, हे लक्षात ठेवले की पुढची बहुतेक पथ्ये आपोआप समजतात.

ही जात मूळची ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पूर्व भागातली आणि न्यू गिनीच्या दक्षिणेकडची. झाडावरच्या बेडकांमध्ये ती त्यातल्या त्यात कोरडेपणा सोसणारी आहे, पण हिवाळ्यात दिवसरात्र हीटिंग चालू असलेल्या घरातली हवा तिलाही फार कोरडी पडते. पेटी रेडिएटरच्या वर किंवा शेजारी असेल तर ती आधी तिथून हलवा. आत एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारे उपकरण, लावा. आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. ती कमी असेल तर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारा आणि जाळीच्या झाकणाचा अर्धा भाग काचेने झाका. संपूर्ण झाकण मात्र बंद करू नका, कारण कोंदट हवेत सतत ओली राहिलेली पेटी जंतूंना पोसते. दिवसा २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि रात्री २० अंशांच्या आसपास तापमान पुरे होते; उष्णतेच्या दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या अंशावर राखणारे उपकरण) आणि जाळी हवीच, कारण गरम दिव्याला चिकटून बसलेला बेडूक कातडी भाजेपर्यंत हलत नाही. या जातीला मंद यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवाही मानवतो. तपकिरी रंग अनेकदा थंडीने, अंधाराने किंवा अस्वस्थतेने येतो आणि परिस्थिती सुधारली की जातो.

आता पाण्याविषयी. फिल्टरचे पाणी अधिक शुद्ध, म्हणून अधिक चांगले, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी जवळजवळ क्षारविरहित असते आणि त्यात सतत बसलेल्या बेडकाच्या शरीरातले क्षारांचे संतुलन बिघडते. पाण्याच्या जगमध्ये बसवलेल्या साध्या फिल्टरने क्षार तेवढे जात नाहीत, पण क्लोरामीन (नळाचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरतात ते क्लोरीनचे संयुग) पूर्ण निघून जाईल याची हमी त्यातही नाही. नळाचे थंड पाणी घ्या आणि क्लोरीन व क्लोरामीन दोन्ही निष्प्रभ करणारे, माशांच्या टाकीसाठी मिळते ते औषध बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पाणी रात्रभर उघडे ठेवण्याची जुनी युक्ती क्लोरीनपुरतीच कामाची आहे. क्लोरामीन तेवढ्याने जात नाही. वाडग्यातले पाणी रोज बदला, कारण बेडकी त्याच पाण्यात विष्ठा टाकते आणि तेच पाणी पोटाच्या कातडीने पुन्हा आत घेते.

सुगंधी स्प्रे आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेटी गरम पाण्याने आणि ब्रशने घासा, बेडकांसाठी सुरक्षित असे जंतुनाशक वापरलेत तरी ते वास जाईपर्यंत धुऊन काढा, आणि तोवर भेंडीला छिद्रे पाडलेल्या डब्यात ओल्या कागदावर ठेवा. पेटी स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीचा धूर, देवघरातली उदबत्ती आणि डासांचे फवारे यांपासूनही ती दूर हवी. तिला उचलावे लागलेच तर हात साबण, क्रीम आणि तेल यांचा अंशही उरणार नाही असे धुऊन ओलेच ठेवा. नंतर मात्र साबणाने हात धुवायला मुलीला विसरू देऊ नका, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

डोळ्यांवरच्या घड्या म्हणजे चरबी. कानाचा गोल पडदा त्यांखाली झाकला जाऊ लागला असेल तर खाणे निश्चितच जास्त होत आहे. पूर्ण वाढलेल्या बेडकीला आठवड्यातून दोनदा पाच-सहा रातकिडे किंवा नाकतोडे पुरतात. अधूनमधून गांडूळ चालते, उंदराची पिल्ले अजिबात नकोत. किडे तिला देण्याआधी दिवसभर भाजीपाला खाऊ घाला आणि त्यांना कॅल्शियमची पूड लावा. हिवाळ्यात भूक मंदावणे सामान्य आहे आणि अंगाने भरलेल्या बेडकीचे बारा दिवस उपाशी राहणे एवढ्यानेच घाबरण्यासारखे नाही. दर आठवड्याला तिला डब्यासकट डिजिटल काट्यावर ठेवून वजन वहीत लिहा. तो आकडा तुम्हाला रंगापेक्षा अधिक खरे सांगेल.

एखाद्या रात्री ती पाठीची कमान करून, तोंड वारंवार उघडून, हातांनी डोक्यावरून पातळ पारदर्शक पापुद्रा ओढताना आणि तोच गिळताना दिसली तर भिऊ नका. घट्ट स्वेटर काढावा तशी ती जुनी कातडी काढून खात असते. मात्र कातडी तुकड्यातुकड्यांनी सारखी सोलवटत असेल, पोट व मांड्या लालसर राहत असतील, पाय अंगाशी न घेता ती पसरून बसत असेल किंवा उताणी केल्यावर तिला सरळ होता येत नसेल, तर वाट पाहू नका. उभयचर प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. कायट्रिड बुरशीची तपासणी कातडीवर कापसाची काडी फिरवून करता येते. ही बुरशी कातडीतून क्षार आत-बाहेर होण्याची क्रियाच मोडते आणि शेवटी हृदय थांबते. वेळीच कळले तर औषधी पाण्यात रोज काही मिनिटे ठेवून तिच्यावर उपचार होतात.

रंगाबद्दल एक गोष्ट तुमच्या मुलीला आवडेल. १७९० मध्ये जॉन व्हाइट यांनी या जातीचे वर्णन केले तेव्हा तिच्या शास्त्रीय नावात ‘निळी’ या अर्थाचा शब्द आला. या जातीच्या अंगात हिरवे रंगद्रव्य नसते. निळ्या छटेवर पिवळ्याचा थर असतो, आणि वर्णनासाठी वापरलेला नमुना ज्या द्रवात टिकवला होता त्यात तो पिवळा थर नाहीसा झाला होता.

प्रश्न : गणपतीसाठी सावंतवाडीजवळच्या गावी गेलो असता न्हाणीघराच्या भिंतीवर एक तपकिरी बेडूक होता. त्याच्या बोटांना गोल चकत्या होत्या आणि मांडीमागे पिवळे ठिपके होते. मुलाने तो बरणीतून पुण्याला आणला. आठ दिवस तो रिकाम्या फिशटँकमध्ये आहे आणि सारखा काचेवर उड्या मारतो. त्याला पाळता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्णनावरून तो आपल्याकडचा सामान्य झाडबेडूक दिसतो, ज्याला इंग्रजीत चुनाम ट्री फ्रॉग म्हणतात. त्याला पाळू नका. वरच्या पत्रातली बेडकी पैदास केंद्रात जन्मलेल्या आणि काचेला सरावलेल्या जातींपैकी आहे; तुमचा पाहुणा रानात वाढलेला प्रौढ प्राणी आहे आणि काचेवर आपटून त्याचे नाक सोलवटते, मग त्या जखमेत जंतू शिरतात. न्हाणीघर त्याला ओलाव्यासाठी आणि दिव्यावरच्या किड्यांसाठी आवडते. पावसाळ्यात हे बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर किंवा हौदाच्या भिंतीवर फेसाचे घरटे करतात आणि त्यातून पिल्ले खाली पाण्यात पडतात. हे मुलाला गावीच दाखवता येईल.

जवळच्या बागेत त्याला सोडू नका. तो जिथून आणला तिथेच, त्याच घराच्या परसात, संध्याकाळी सोडला पाहिजे. तोवर टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, म्हणजे उड्या थांबतील. आत एक जाड फांदी, उथळ पाणी आणि रोज दोन-तीन जिवंत किडे ठेवा. प्रवासात डब्यात ओले फडके घाला आणि डबा उन्हात, बंद गाडीत ठेवू नका. या काळात तो दुकानातल्या दुसऱ्या कोणत्याही बेडकाच्या किंवा त्याच्या पाण्याच्या संपर्कात आला असेल, तर सोडण्याआधी पशुवैद्याला जरूर दाखवा, कारण पाळीव प्राण्यांच्या बाजारातून येणारा बुरशीचा संसर्ग गावच्या ओढ्यात जाता कामा नये.