जुन्या पेट्रोल पिकअपचे इंजिन नव्याने बांधल्यावर टायमिंग कानाने लावावे की टायमिंग लाइटने?

महिंद्राच्या एफसी-१५० पिकअपचे हरिकेन इंजिन आपण नुकतेच बांधून घेतले आहे आणि आपले मिस्त्री टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, कानानेच लावणार म्हणतात, असे आपण लिहिले आहे. त्यांना तसे करू देऊ नका.

माझ्या वडिलांच्या गाडीला हेच इंजिन होते आणि त्या गाडीतून ते गुऱ्हाळावरच्या गुळाच्या ढेपा कोल्हापूरच्या बाजारात पोहोचवत असत. इंजिनाचे काम झाल्यावर मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) फिरवत नेला आणि जिथे इंजिन सर्वांत हलके व जलद चालू लागले तिथे क्लॅम्प आवळला. पुढे एका पहाटे बॅटरी उतरलेली असल्यामुळे वडिलांनी हँडल मारले. पिस्टन वर पोहोचण्याच्या फार आधी ठिणगी पडली, हँडल उलटे फिरले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. वडिलांनी अंगठा हँडलभोवती गुंडाळला म्हणून हे घडले, असे मिस्त्री शेवटपर्यंत सांगत राहिले. हे मी कधीही मान्य केले नाही, कारण अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, ही शिस्त मला वडिलांनीच लावली होती. मागाहून टायमिंग लाइट (पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून पाहिले तेव्हा ठिणगीच्या क्षणी पुलीवरची पाच अंशांची खूण काट्यापासून चांगली बोटभर मागे होती.

कान इथे फसतो, कारण रिकाम्या चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण थोडे असते, ते सावकाश जळते आणि म्हणून त्याला लवकर पडलेली ठिणगी मानवते. तीच गाडी भरून घाट चढू लागली की सिलिंडर पूर्ण भरतो, मिश्रण झपाट्याने जळते आणि आयडलला (इंजिन रिकामे, मंद चालताना) गोड वाटलेले टायमिंग नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणारी टकटक, करून पिस्टन खाऊ लागते.

या इंजिनासाठी आकडा टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीच्या) आधी ५ अंश हा आहे आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. प्रथम पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमीट करणाऱ्या संपर्कांची) गॅप ०.०२० इंच करून घ्यावी, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकते. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा, हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक समजावा आणि खूण ५ अंशांवर आणून थांबावे. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी बारीक तार आणि अर्थ (इंजिनाचा उघडा धातू) यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या (त्याच्या आत फिरणाऱ्या तुकड्याच्या) दिशेने फिरवून बल्ब विझवावा, मग उलट दिशेने अगदी हळू आणावा आणि बल्ब पेटताक्षणी क्लॅम्प आवळावा. टायमिंग लाइटची गरज त्यानंतर, मंद आयडलवर पडताळणीपुरती आहे. व्हॅक्यूमची नळी असल्यास तेवढा वेळ ती काढून बंद ठेवावी.

इतके करूनही डिस्ट्रिब्युटर पुरेसा फिरत नसेल, तर ऑइल पंप पाहावा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा दांडा ऑइल पंपाचाच असतो, त्याची खाच मध्यापासून जरा बाजूला असते, आणि इंजिन बांधताना पंप एक दात चुकीचा बसला की रोटर भलतीकडे तोंड करून राहतो. पुष्कळ मिस्त्री अशा वेळी प्लगच्या तारा सरकवून वेळ मारून नेतात, ते मला पटत नाही. पंप काढून नीट बसवावा.

पुली बदललेली असेल तर मात्र तिच्या खुणेवर विसंबू नये. टीडीसी पिस्टनवरूनच तपासून घ्यावा. हेड घासलेले असेल तर कॉम्प्रेशन वाढलेले असते, म्हणून ५ अंशांवर गाडी माल भरून चढावर न्यावी आणि टकटक ऐकू आल्यास एखादा अंश मागे घ्यावा. कानाचे काम एवढेच आहे. आपले मिस्त्री अनुभवाचा दाखला देऊ लागले, तर त्यांनी आवळलेला क्लॅम्प तसाच ठेवून त्यांच्यासमोर बल्ब जोडा, इंजिन हाताने हळूहळू फिरवा आणि तो कोणत्या अंशावर पेटतो ते पाहिल्याशिवाय कामाचे पैसे देऊ नका.